आम्ही आणि आपण : अल्गॉन्क्वियन व इरोक्वॉय लोकांच्या भाषा आणि जीवन



आजच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ‘अल्गॉन्क्वियन’ हा शब्द जुळवताना छापखान्याने दोनदा चूक केली, असे चिटणीसांनी आम्हांला आताच सांगितले. उन्हाळ्याच्या संध्याकाळी एवढ्या मंडळींनी येथे येऊन बसावे आणि आम्ही त्यांना उत्तर अमेरिकेच्या थंड अरण्यात न्यावे, यात थोडी अरेरावी आहे हे आम्ही कबूल करतो. म्हणून हा विषय आमच्या डोक्यात कसा शिरला, ते आधी सांगून टाकतो.

आमचा एक भाचा टोरोंटोस असतो. मध्यंतरी तो सुटीसाठी सहकुटुंब आला होता. त्याचा सहा वर्षांचा मुलगा मराठी चांगले बोलतो. आईबापांनी त्यासाठी कष्ट घेतले आहेत. एके संध्याकाळी तो आमच्या खोलीच्या दाराशी आला, आमची काठी आमच्या हातात दिली आणि म्हणाला, “आजोबा, आम्ही बागेत जाऊ या.” आम्ही काठी घेतली खरी, पण क्षणभर घुटमळलो. ‘आम्ही’ बागेत जाणार, म्हणजे कोण जाणार? त्या पोराच्या मनात आम्ही होतोच, नाहीतर काठी कशाला दिली असती? पण त्याच्या व्याकरणात आम्ही नव्हतो. त्याला म्हणायचे होते ‘आपण’. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘वुई’ आहे, आणि दिवसभर त्याच भाषेत वावरणाऱ्या मुलाच्या मराठीत ‘आपण’ हळूहळू पुसले जात होते. हे दूरदेशीच घडते असेही नाही. हिंदीतही ‘हम’ एकच; त्यामुळे मुंबईच्या मराठीत असले ‘आम्ही जाऊ या’ आपण सर्वांनी ऐकले आहे.

रात्री भाच्याजवळ हा विषय निघाला. तो म्हणाला, “मामा, गंमत अशी की टोरोंटोच्या मूळच्या भाषांत हा भेद आहे. ज्यांची ती जमीन, त्यांना मराठीतले आम्ही-आपण चटकन कळेल. इंग्रजांनाच कळत नाही.” आमच्या कुतूहलाचा आरंभ येथून झाला. पुढची दोन वर्षे मिळेल ते वाचले. त्यातले काही आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम नावांचा घोळ निस्तरला पाहिजे. या लोकांना जगाने ‘इंडियन’ म्हटले, ते आपल्या नावावरून. कोलंबस निघाला होता आपल्या दिशेने, पोचला भलतीकडे, आणि चूक कळल्यावरही नाव तसेच राहिले. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्याला ‘रेड’ हे विशेषण जोडून भागवले जाई. पिसांचा टोप, घोडा, कुऱ्हाड, एवढेच चित्र डोळ्यांपुढे येई. आणि तेही पश्चिमेकडील गवताळ मैदानातल्या काही जमातींचे. प्रत्यक्षात शेकडो लोकसमूह आणि शेकडो भाषा होत्या. आपण आज त्यांपैकी दोनच भाषाकुलांकडे पाहणार आहोत.

अल्गॉन्क्वियन हे कुल विस्ताराने फार मोठे. अटलांटिकच्या किनाऱ्यावरील मिकमॅक, वाम्पानोआग, लेनापे. सरोवरांच्या प्रदेशातील ओजिब्वे. लॅब्राडोरपासून पश्चिमेकडे पसरलेले क्री आणि त्यांचे भाईबंद. आणि थेट रॉकी पर्वताच्या पायथ्याशी ब्लॅकफूट, चेयेन, अरापाहो. याहून आश्चर्याची गोष्ट पुढे आहे. पॅसिफिक किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियात, वियोट आणि युरोक या दोन लहान भाषा आहेत. त्या अल्गॉन्क्वियनच्या दूरच्या नातलग असाव्यात असे एडवर्ड सपिर यांनी 1913 साली मांडले, तेव्हा बरेच पंडित हसले. 1958 साली मेरी हास यांनी ते नाते पुराव्याने दाखवून दिले.

या अफाट प्रदेशाच्या मध्यावर, ऑन्टॅरिओ आणि ईरी सरोवरांच्या दोहों बाजूंस, इरोक्वॉय भाषा बोलणारे लोक होते. मोहॉक, ओनायडा, ऑनोंडागा, केयुगा आणि सेनेका या पाच राष्ट्रांचा एक संघ होता. 1722 च्या सुमारास दक्षिणेकडून आलेले टस्करोरा सहावे झाले. दूर दक्षिणेचे चेरोकीही भाषेने याच कुलातले. सरोवरांच्या उत्तरेचे ह्युरॉन, म्हणजे वेंडाट, हेही त्याच कुलातले. पण संघाचे हाडवैरी. भाषेचे नाते आणि मैत्री या निराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

या दोन कुलांचा एकमेकांशी काही संबंध नाही. शेजार शतकांचा, पण भाषा मराठी आणि कानडीसारख्या वेगळ्या, किंबहुना त्याहून अधिक. बाहेरच्यांनी मात्र त्यांची सर्रास मिसळ केली. लॉंगफेलो या कवीने 1855 साली हायवाथावर काव्य लिहिले आणि ते घरोघर पोचले. हायवाथा हे नाव इरोक्वॉय परंपरेतले, पाच राष्ट्रांचा संघ जुळवणाऱ्या पुरुषाचे. काव्यातल्या कथा मात्र ओजिब्वे लोकांच्या, नानाबोझो नावाच्या खोडकर दिव्य पुरुषाच्या. म्हणजे नाव एकाचे, चरित्र दुसऱ्याचे, आणि दोघेही भिन्न भाषांचे.

नकाशावर मात्र दोन्ही कुले शेजारी शेजारी नांदताना दिसतात. क्वेबेक हा अल्गॉन्क्वियन शब्द, नदी अरुंद होते ती जागा. मिसिसिपी म्हणजे ओजिब्वे भाषेत मोठी नदी. मिशिगन, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट ही सारी अल्गॉन्क्वियन. उलट कॅनडा हा इरोक्वॉय शब्द. 1535 साली कार्टिए या फ्रेंच दर्यावर्दीने ‘कनाटा’ असे ऐकले, त्याचा अर्थ एवढाच की ‘गाव’. त्यावरून एका खंडप्राय देशाचे नाव पडले. आमच्या भाच्याचे टोरोंटो हेही मोहॉक भाषेतले. पाण्यात झाडे उभी आहेत ती जागा, असा त्याचा अर्थ लावतात. मासे अडवण्यासाठी सिमको सरोवराच्या चिंचोळ्या भागात लाकडी मेखा रोवीत, तेथले हे नाव घसरत घसरत दक्षिणेकडील शहराला चिकटले. आणि गंमत पाहा, हे इरोक्वॉय नाव ज्या भूमीला लागले, ती इंग्रज आले तेव्हा मिसिसागा लोकांच्या ताब्यात होती, आणि मिसिसागांची बोली ओजिब्वे, म्हणजे अल्गॉन्क्वियन.

लोकांची नावेही अशीच परस्पर ठेवलेली. ‘मोहॉक’ हे त्यांच्या अल्गॉन्क्वियन शेजाऱ्यांनी शत्रुत्वाने दिलेले नाव. अर्थ ‘माणसे खाणारे’. हे नाव त्यांचे स्वतःचे असूच शकत नाही, कारण मोहॉक भाषेत ओठ मिटून उच्चारायचे व्यंजनच मुळी नाही! प नाही, ब नाही, म नाही. ज्या नावाने जग त्यांना ओळखते त्याचे पहिले अक्षरच त्यांच्या भाषेला परके. ते स्वतःला म्हणवतात ते गारगोटीच्या भूमीचे लोक. ह्युरॉन भाषेचीही हीच तऱ्हा. लाहोंतां नावाच्या फ्रेंच उमरावाने एका ह्युरॉनला हे वर्ण शिकवण्यात चार दिवस घालवले आणि हात टेकले. बोलण्यासाठी तोंड मिटायचे ही कल्पनाच त्याला हास्यास्पद वाटली. विचार करा, या लोकांना बाबा म्हणता यायचे नाही, मामा म्हणता यायचे नाही, मुंबई नाही, पुणे नाही. आई म्हणायला अडचण नाही, आणि नाशिककरांनीही निर्धास्त असावे.

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे वळू. ओजिब्वे भाषेत ‘नीनविंद’ म्हणजे आम्ही, ऐकणाऱ्याला सोडून. आणि ‘गीनविंद’ म्हणजे आपण, ऐकणाऱ्यासह. ‘न’ हा ‘मी’चा वर्ण, ‘ग’ हा ‘तू’चा. म्हणजे ज्या ‘आम्ही’त ‘तू’ आहेस, तो शब्द ‘तू’च्याच वर्णाने सुरू होतो. आम्हांला तर ही रचना मराठीहूनही शहाणी वाटते. मोहॉक भाषा यापुढे जाते. ‘तू आणि मी’, ‘मी आणि तो’, ‘मी आणि तुम्ही सगळे’, ‘मी आणि ते सगळे’, असे चार प्रकार तेथे वेगळे, आणि ते सर्वनामात न राहता क्रियापदालाच पुढून जोडलेले. कर्ता आणि कर्म दोघांची मिळून अशी सुमारे साठ उपपदे आहेत. ‘त्याने तिचा पोशाख खराब केला’ हे सबंध वाक्य मोहॉक एका शब्दात म्हणते. आपल्या संस्कृत समासांची मिजास तेथे थोडी उतरते.

मराठीत हा भेद कोठून आला? दक्षिणेच्या द्राविड भाषांत तो आहे, आणि त्यांच्या शेजाराने तो आपल्याकडे स्थिरावला असे भाषापंडित मानतात. तेव्हा मोहॉक किंवा ओजिब्वे यांच्याशी आपला यात काही रक्तसंबंध नाही. गरज एक, आणि ती दोघांनी आपापल्या घरी भागवली. असल्या साम्यावरून कोणी अमेरिकेचे मूळ महाराष्ट्रात शोधू लागेल म्हणून हे आधीच सांगून ठेवतो. आणि ‘आम्ही’चा तिसराही एक प्रकार आहे. व्यासपीठावर चढलेला एकटा इसम स्वतःला ‘आम्ही’ म्हणवतो, तो. त्याला या भाषांत काय म्हणतील ते ठाऊक नाही. बहुधा तेथील सभेत तो चालणार नाही.

हा भेद किती खोल जातो, ते धर्मोपदेशकांना प्रथम कळले. जॉन एलियट हा इंग्रज पाद्री मॅसॅच्युसेट्समध्ये वाम्पानोआग आणि शेजारच्या लोकांची भाषा शिकला. त्या भाषेत त्याने सबंध बायबल उतरवले, आणि ते 1663 साली केंब्रिज गावी छापून पुरे झाले. अमेरिकेत छापलेले पहिले बायबल इंग्रजीत नव्हते, ते या अल्गॉन्क्वियन भाषेत होते. छापखान्यातले काम जेम्स प्रिंटर या निपमक जमातीच्या तरुणाने केले. धंद्यावरूनच त्याला ते आडनाव पडले. आता येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत देवाला पिता म्हणून हाक मारायची आहे. कोणता पिता? ‘आमचा’ की ‘आपला’? ‘आपला’ म्हटले तर ज्याच्याशी बोलतो आहोत तो देवही त्यात आला, आणि देव स्वतःचाच बाप ठरला! म्हणून त्या भाषेत प्रार्थनेचा पहिला शब्द ‘नूशुन’ असा ‘न’ने सुरू होतो : आमच्या बापा, तुला सोडून आम्हां माणसांचा. आपले मराठी ख्रिस्ती बंधूही नेमके ‘आमच्या’ म्हणतात, ‘आपल्या’ म्हणत नाहीत. इंग्रजी बोलणाऱ्याला अशा ठिकाणी विचार करावाच लागत नाही.

ह्युरॉनांमध्ये राहिलेल्या ब्रेबफ या फ्रेंच जेझुइट पाद्र्याची अडचण आणखी निराळी होती. ह्युरॉन भाषेत नुसता ‘बाप’ म्हणता येत नाही; कुणाचा बाप ते शब्दातच सांगावे लागते. ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा’ हे सुटे सुटे म्हणायचे कसे? 1636 साली त्याने वरिष्ठांकडे परवानगी मागितली की, आमचा पिता, त्याचा पुत्र आणि त्यांचा पवित्र आत्मा, असे म्हटले तर चालेल काय. शिवाय ज्याचा बाप वारला आहे त्याच्यापुढे बापाचा उल्लेख करणे हा त्या लोकांत अपमान. नुकतीच आई गेलेल्या एका बाईला, आईबापांचा मान राख, अशी आज्ञा कुणी अनवधानाने ऐकवली, तर ती बाप्तिस्मा घ्यायलाच नको म्हणू लागली, असे त्याने नमूद केले आहे. धर्म शिकवायला गेलेला माणूस व्याकरण शिकून परत येतो, तो असा.

अल्गॉन्क्वियन भाषांत आपल्यासारखे तो-ती-ते नाही. तेथे नामांचे दोनच वर्ग : सजीव आणि निर्जीव. माणसे, पशू, वृक्ष सजीव, हे ठीक. पण ओजिब्वेत दगड सजीव, स्वयंपाकाचे भांडे सजीव; रासबेरी सजीव आणि स्ट्रॉबेरी निर्जीव. ‘मितिग’ म्हणजे झाड तेव्हा शब्द सजीव. तोडून काठी केली की तोच शब्द निर्जीव. यावरून हे लोक दगडाला देव मानतात असा निष्कर्ष काढण्याची घाई पुष्कळांनी केली. आपणही तो डोंगर, ती टेकडी, ते शिखर म्हणतो. म्हणून डोंगराला मिशा असतात असे मानत नाही. तथापि सारेच निरर्थक आहे असेही नव्हे. हॅलोवेल या मानवशास्त्रज्ञाने एका वृद्ध ओजिब्वेला विचारले, हे आसपासचे सगळे दगड जिवंत आहेत काय? म्हातारा बराच वेळ विचार करीत राहिला आणि म्हणाला, सगळे नाहीत, पण काही आहेत. आम्हांला हे उत्तर फार आवडले. शेंदूर लावलेला दगड आणि रस्त्यावरची खडी यांत आपणही फरक करतोच की.

लोकांचे जीवनही या भाषांइतकेच भिन्न होते. ओजिब्वे आणि क्री हे थंड अरण्यातले. बर्चच्या सालीची झोपडी, त्याच सालीची होडी. हिवाळ्यात कुटुंबे शिकारीसाठी पांगायची, उन्हाळ्यात सरोवराकाठी जमायची. ओजिब्वे लोकांचे मुख्य धान्य उथळ पाण्यात उगवते. होडीतून एक जण बांबूसारख्या लांब काठीने होडी ढकलतो, दुसरा दोन दांडक्यांनी ताटे वाकवून दाणे होडीत झोडतो. काही दाणे पाण्यात पडतात; ते पडलेच पाहिजेत, कारण पुढल्या वर्षीचे बियाणे तेच.

इरोक्वॉय हे शेतकरी, आणि शेती बायकांची. मका, घेवडा आणि भोपळा यांना त्या ‘तीन बहिणी’ म्हणत आणि एकाच उंचवट्यावर लावीत. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो, घेवड्याच्या मुळांनी जमिनीला नत्र मिळते, भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकून ओल राखतात आणि तण दाबतात. ही सारी पिके अमेरिकेची. मक्याचे कणीस आपल्याकडे पावसाळ्यात शेगडीवर भाजले जाते, ते त्याच खंडाचे देणे.

घरही बायकांचे. एल्मच्या सालीने शाकारलेले लांबच लांब घर, काही तर साठ मीटरपर्यंत. मध्ये ओळीने चुली, आणि प्रत्येक चुलीवर समोरासमोरची दोन कुटुंबे. ही सारी कुटुंबे एका मातृकुळीची : अस्वल, लांडगा, कासव अशी कुळींची नावे. लग्न झाले की नवरा बायकोच्या घरी राहायला जाई. संघाचे लोक स्वतःला हौदेनोशौनी म्हणवतात. त्यात हेच लांब घर आहे. पाचही राष्ट्रे म्हणजे एकाच घरातल्या पाच चुली. पूर्वेचे दार मोहॉकांनी राखायचे, पश्चिमेचे सेनेकांनी, आणि मधला अग्नी ऑनोंडागांकडे. पन्नास सरदारपदांची ही सभा युरोपीय लोक येण्यापूर्वीपासूनची आणि आजही भरते. सरदार पुरुष, पण त्याला निवडायचे कुळीच्या वडीलधाऱ्या स्त्रीने, आणि तो वाकडा वागला तर तीनदा बजावून त्याचे पद काढून घ्यायचे तेही तिनेच. आपल्या कित्येक संस्थांना ही तरतूद उपकारक होईल.

या घरातली नातीगोती लुई हेन्री मॉर्गन या अमेरिकन वकिलाने सेनेका लोकांकडून समजून घेतली. मावशीला ते आईच म्हणतात, मावसभावंडांना सख्खी भावंडे. मामा आणि आत्या यांची मुले मात्र वेगळी. आपल्याला यात नवल नाही. माय मरो पण मावशी जगो, असे आपणही म्हणतो, आणि मामेबहीण व मावसबहीण यांतला भेद ज्या घरांत मामाच्या मुलीशी लग्न चालते, तेथे तर चांगलाच पाळला जातो. मॉर्गनलाही तमिळ नात्यांची यादी हाती आल्यावर हे साम्य दिसले. त्यावरून अमेरिकेचे मूळ रहिवासी आशियातून आल्याचा पुरावा सापडला, असे त्याने 1871 च्या ग्रंथात मांडले. पुरावा म्हणून ते टिकले नाही. पण नात्यांच्या शास्त्राचा पाया तेथे घातला गेला, आणि आपल्या इरावतीबाई कर्वे यांनी 1953 साली भारतातील नातेसंबंधांवर जो ग्रंथ लिहिला, तो त्याच शास्त्रातला.

आता ‘आम्ही-आपण’ राजकारणात कसे येते ते पाहा. शिंपल्यांच्या पांढऱ्या आणि जांभळ्या मण्यांचे पट्टे विणून हे लोक करार जपतात. पट्टा हातात घेऊन त्याचा मजकूर तोंडाने म्हणायचा. एका पट्ट्यावर पांढऱ्या जमिनीवर दोन जांभळ्या समांतर रेघा आहेत. हौदेनोशौनी परंपरा सांगते की हा गोऱ्यांशी झालेला आद्य करार : एक त्यांचे गलबत, एक आमची होडी, नदी एक, पण कोणी कोणाचे सुकाणू धरायचे नाही. येथे दोन ‘आम्ही’ आहेत, शेजारी शेजारी. दुसऱ्या कराराची कल्पना निराळी. अनिशिनाबे, म्हणजे ओजिब्वे आणि त्यांचे आप्त, हे इरोक्वॉयांशी दीर्घकाळ लढले. 1701 साली मॉन्ट्रिअल येथे सुमारे चाळीस राष्ट्रांनी फ्रेंचांसह तह केला. दोन्ही कुलांच्या आठवणीत त्या काळची बोली अशी की, शिकारीचा मुलूख हे एक ताट आहे आणि त्यात चमचा एकच. सर्वांनी पुरेल तेवढेच घ्यावे, ताट स्वच्छ ठेवावे, आणि ताटाशी सुरी आणू नये, कारण सुरी आली की रक्त सांडते. टोरोंटो या ताटातच येते. भिन्न भाषांच्या वैऱ्यांनी एका ताटात जेवायचे ठरवले, ते ‘आपण’.

इंग्रजांनी टोरोंटोची जमीन घेतली, ती हकीगत मात्र खरेदीखताची आहे. 1787 साली व्यवहार झाला म्हणतात. पण कागद सापडला तो कोरा, सरदारांच्या खुणा त्याला निराळ्या जोडलेल्या. सीमा नाहीत, वर्णन नाही. कोर्टकचेरी करणाऱ्या आपल्या लोकांना सांगायला नको की असल्या दस्ताला कुळकर्ण्यानेही हात लावला नसता. मग 1805 साली नवा कागद केला, दहा शिलिंग किंमत लिहून, आणि त्यात अडीच लाख एकर घातले. मिसिसागांच्या वंशजांनी दावा सोडला नाही. अखेर 2010 साली कॅनडा सरकारने साडेचौदा कोटी डॉलर देऊन तो मिटवला. दोन शतके एक ‘आम्ही’ दुसऱ्या ‘आम्ही’शी बोलत होता, आणि कागदावर दोघांनाही ‘वुई’च.

दक्षिणेकडे याहून उघड होते. 1779 साली जॉर्ज वॉशिंग्टनच्या आज्ञेवरून सेनापती सलिव्हन इरोक्वॉय मुलखात शिरला आणि चाळीसांवर गावे त्याने जाळली. मक्याचे ढीग, फळबागा, सारे. इरोक्वॉय भाषांत वॉशिंग्टनला आणि त्याच्या मागून आलेल्या अध्यक्षांना ‘गाव उद्ध्वस्त करणारा’ हे नाव आहे. ज्या देशात तो राष्ट्रपिता आहे, त्याच देशातली ही भाषा. इंग्रजांच्या बाजूने लढलेले मोहॉक आणि इतर 1784 नंतर उत्तरेस ग्रँड नदीकाठी वसले.

पण गावे जाळल्याने भाषा मरत नाही. त्यासाठी शाळा लागते. ग्रँड नदीजवळ ब्रँटफर्ड येथे अशी निवासी शाळा होती, ती 1970 साली बंद झाली. रोजच्या पातळ लापशीवरून मुलांनी तिला नाव ठेवले होते. असल्या शाळा कॅनडात आणि संयुक्त संस्थानांत शेकड्यांनी होत्या. मुलांना घरापासून तोडून न्यायचे, केस कापायचे, आणि स्वतःच्या भाषेत बोलताना सापडली तर शिक्षा करायची. कॅनडा सरकारने 2008 साली जाहीर माफी मागितली आणि 2015 साली चौकशी आयोगाचा अंतिम अहवाल आला. आम्हांला त्यातली एक गोष्ट विसरता येत नाही. या शाळांतून बाहेर पडलेल्या कित्येकांनी आपल्या मुलांना मुद्दाम भाषा शिकवली नाही. त्यांना मार बसू नये म्हणून. म्हणजे भाषा बंद करण्याचे अखेरचे काम मायेने केले.

सगळाच इतिहास असा नाही, हेही सांगितले पाहिजे. 1840 साली विनिपेग सरोवराच्या उत्तरेस जेम्स एव्हन्स या पाद्र्याने क्री भाषेसाठी लिपी तयार केली आणि चहाच्या पेट्यांच्या अस्तराचे शिसे वितळवून तिचे खिळे ओतले. या लिपीत एकच आकृती चार दिशांना फिरवायची; दिशा बदलली की स्वर बदलतो. लघुलेखनाच्या खुणांबरोबर आपल्या देवनागरीचाही तिच्यावर परिणाम आहे, असे लिपीच्या अभ्यासकांचे मत आहे. भारतातल्या मिशनांची छापील पुस्तके एव्हन्सला परिचित होती. क्री परंपरा मात्र सांगते की, ही लिपी ‘कॉलिंग बॅजर’ नावाच्या क्री पुरुषाला परलोकाच्या प्रवासात मिळाली. दोहोंपैकी काही असो, तिचा प्रसार विजेसारखा झाला. कोळशाने बर्चच्या सालीवर लिहून माणसे एकमेकांना शिकवीत गेली, शाळा नव्हती, मास्तर नव्हता. आज क्री आणि ओजिब्वे या उत्तर अमेरिकेतल्या त्यातल्या त्यात बळकट मूळ भाषांत गणल्या जातात.

मोहॉक बोलणारे थोडक्या हजारांत उरले आहेत, पण त्यांनी वाट पाहिली नाही. सेंट लॉरेन्स नदीवर आक्वेसास्ने म्हणून गाव आहे, त्याच्या अंगावरून दोन देशांची सरहद्द जाते. तेथल्या पालकांनी 1979 साली स्वतःची शाळा काढली. तिचा सारा अभ्यासक्रम एका जुन्या आभारवचनाभोवती रचलेला आहे. सभा असो, वर्ग असो, आधी हे वचन म्हणायचे. माणसे, धरणी, पाणी, मासे, वनस्पती, तीन बहिणी, वारे, सूर्य, असे क्रमाने आभार, आणि प्रत्येक टप्प्यानंतर आता आपणां सर्वांचे मन एक झाले, असा भाव. मुले भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि व्याकरण त्यातूनच शिकतात. तेथे शब्द ‘आपण’चा आहे, हे आम्ही मुद्दाम पाहून घेतले.

शेवटी एलियटच्या त्या भाषेचे काय झाले ते सांगतो. 1675 साली वाम्पानोआग सरदार मेटाकोम आणि इंग्रज यांच्यात युद्ध पेटले, त्यात बायबलाच्या पुष्कळ प्रती नष्ट झाल्या. 1685 साली ते पुन्हा छापावे लागले. पण तोवर वाम्पानोआग लिहायला शिकले होते. त्यांनी आपल्या भाषेत मृत्युपत्रे केली, जमिनीचे दस्त केले, तक्रारअर्ज केले. एकोणिसाव्या शतकात मात्र ती बोलणारे संपले. शंभराहून अधिक वर्षे ती कोणाच्याच तोंडी नव्हती. 1993 साली मॅशपी गावच्या जेसी लिटल डो बेअर्ड या वाम्पानोआग बाईंनी ती पुन्हा उभी करण्याचे मनावर घेतले. अनोळखी भाषा बोलणारी माणसे आपल्या स्वप्नात येत, असे त्या सांगतात. त्या मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रशास्त्र संस्थेत भाषाशास्त्र शिकल्या, केनेथ हेल या थोर भाषाशास्त्रज्ञाबरोबर बसल्या, आणि जुने बायबल व ते तक्रारअर्ज यांतून व्याकरण आणि कोश रचू लागल्या. जी भाषा पाद्र्याने धर्मांतरासाठी कागदावर उतरवली, ती त्याच कागदातून तिच्या लोकांना परत मिळाली. बेअर्ड यांची धाकटी मुलगी ही भाषा आईच्या तोंडून शिकली. एका शतकाहून अधिक काळाने तसे शिकणारी ती पहिली.

त्या अर्जांत जमीन गेल्याचे दुःख सांगताना जी क्रिया येते, तिचा शब्दशः अर्थ ‘मी पायांवरून पडलो’ असा बेअर्ड लावतात. आपल्याकडे पायाखालची जमीन सरकते. तेथे माणूसच कोसळतो.

या कामावर 2010 साली एक बोलपट निघाला. त्याचे नाव त्याच भाषेत आहे : ‘आस नुतायुनेआन’. अर्थ, आम्ही अजून येथेच राहतो. आमच्या नातवाच्या बोलण्यामुळे कान तयार झाला होता, म्हणून पहिल्या वर्णाकडे लक्ष गेले. तो ‘न’ आहे. ‘आपण’ म्हणायचे असते तर तेथे ‘क’ आला असता.

अध्यक्षमहाराजांनी पुढे सरकवलेली चिठ्ठी आम्ही पाहिली आहे. प्रश्नोत्तरांसाठी दहा मिनिटे राखायची आहेत, तेव्हा येथे थांबतो.